इलेक्ट्रॉनिक पार्टचं छोटं दुकान : ४ लाखांत काय होतं, काय होत नाही

प्रश्न असा आहे. विचारणारा मुलगा कळव्याला राहतो, ऐरोलीला आयटीत नोकरी करतो, पगार ६० हजारांच्या आसपास. हाताशी ४ लाख रुपये आहेत. अर्डुइनो (प्रोग्राम भरता येतो असा छोटा बोर्ड), सेन्सर, छोट्या मोटरी, रेझिस्टर-कपॅसिटर असा हौशी इलेक्ट्रॉनिक्सचा माल वेबसाइटवरून विकायचा, गिऱ्हाईक म्हणजे इंजिनिअरिंगची मुलं आणि घरी खटपट करणारे लोक. तो विचारतो, "काका, मार्जिन किती सुटतं? ४ लाख पुरतील का? नोकरी कधी सोडता येईल? आणि बायको म्हणते घरात डबे नकोत, तर गाळा घ्यावाच लागेल का?"

काका म्हणालास म्हणून अरे-तुरे करतो. ठाण्यात वागळे इस्टेटच्या मागच्या अंगाला एका गाळ्यात मी हे दुकान १४ वर्षं चालवतोय. त्याआधी टीव्ही दुरुस्ती करत होतो. टीव्ही दुरुस्त करून घेणारे संपले म्हणून इकडे वळलो.

मार्जिनचं आधी सांगतो. पाव वॅटचा कार्बन फिल्म रेझिस्टर हजाराच्या पेटीत घेतला तर मला साधारण २५ पैशांना पडतो आणि मी तो रुपयाला विकतो. चौपट. हे ऐकून तुझ्यासारखी मुलं धंद्यात उतरतात. आता पुढचं ऐक. एक मुलगा सात वेगवेगळ्या ओहमचे दहा-दहा रेझिस्टर मागतो. बिल ७० रुपये. सात डबे काढायचे, सत्तर नग मोजायचे, सात पुड्यांवर आकडा लिहायचा, बिल काढायचं, पाकीट चिकटवायचं, कुरिअरचं लेबल लावायचं. त्यात आपला मदतनीस पोरगा रेझिस्टरवरच्या पट्ट्यांचे रंग वाचताना चुकला आणि ४.७ के (म्हणजे ४,७०० ओहम) ऐवजी ४७० गेले, तर तेच पाकीट आपल्या खर्चाने पुन्हा. चौपट मार्जिनच्या त्या बिलावर मी खिशातून पैसे घालतो.

म्हणून नगावरचं मार्जिन बाजूला ठेव आणि एक ऑर्डर घेऊन बस. समजा ४२० रुपयांची ऑर्डर आहे, त्यातच जीएसटी. १८ टक्के काढले की उरतात ३५६. माल गोडाऊनला येईपर्यंत त्याच्या ५५ टक्क्यांना पडला असं धर, म्हणजे १९६. हातात १६० राहिले. गिऱ्हाइकाकडून कुरिअरचे ५० घेतोस, जीएसटी वजा जाता ते ४२ होतात, कुरिअरवाला ७५ घेतो. ३३ गेले. पेमेंट गेटवेचे २ टक्के, ९ रुपये. खोका, बबलची गुंडाळी, झिपलॉक, टेप, १४ रुपये. मदतनीस १८ हजार पगारावर ठेवला, महिन्याचे २६ दिवस, दिवसाचे आठ तास, तर त्याचं मिनिट १ रुपया ४४ पैशांना पडतं आणि ऑर्डरला १२ मिनिटं लागतात. १७ रुपये. खराब निघालेलं बदलून देणं, हरवलेलं पाकीट, १० रुपये. उरले ७७.

आता महिन्याचा ठरलेला खर्च. गाळ्याचं भाडं १८ हजार, वीज-इंटरनेट अडीच हजार, वेबसाइट दीड हजार, हिशोबनीस ३ हजार. २५ हजार झाले. ७७ ने भाग. फक्त गाळा उघडा ठेवायला महिन्याला ३२५ ऑर्डर लागतात. त्यावर तुझा ६० हजारांचा पगार काढायचा तर ११०० ऑर्डर, म्हणजे कामाच्या पंचवीस दिवसांत दिवसाला ४४. आणि ४४ गुणिले १२ मिनिटं म्हणजे पावणेनऊ तास. एक मदतनीस त्यातच संपला. फोन, खरेदी, फोटो, तक्रारी यांना तू एकटा.

हे आकडे माझ्या वहीतले जसेच्या तसे नाहीत, गोळाबेरीज आहेत. तुझे टाकून बघ. पण घाट असाच राहील, कारण ऑर्डर लहान असो की मोठी, खोका, कुरिअर आणि हात यांचा खर्च जवळपास तेवढाच असतो. तीच ऑर्डर ८०० ची झाली तर काय होतं बघ. जीएसटी वजा जाता ६७८, मालाचे ३७३ गेले, राहिले ३०५. त्यातून कुरिअरचे ३३, गेटवे १७, खोका १६, हात २२, बदली १९. उरले १९८. बिल दुप्पटही झालं नाही आणि उरलेले पैसे अडीचपट झाले. गेल्या १४ वर्षांत मी जी काही अक्कल वापरली ती सगळी ही ४२० ची ऑर्डर ८०० कडे सरकवण्यात गेली.

ती कशी सरकते? आपल्या किराणावाल्याचं बघ. साखरेचा भाव सगळ्या गल्लीला पाठ असतो, म्हणून साखरेवर त्याला काही सुटत नाही. सुटतं ते जिऱ्यावर, वेलचीवर. आपल्याकडे साखर म्हणजे ईएसपी-३२ हा वायफायवाला बोर्ड आणि अर्डुइनो उनोचा क्लोन, म्हणजे नक्कल. मुलं पाच वेबसाइटवर भाव बघून येतात, पाच रुपयांसाठी दुसरीकडे जातात. तिथे १०-१२ टक्के मिळाले तरी पुष्कळ. पण तो बोर्ड टोपलीत पडला की त्याला ब्रेडबोर्ड लागतो, जंपर वायर लागते, बर्ग स्ट्रिप, झीरो पीसीबी, दोन-तीन एलईडी, एक बझर लागतो, आणि याचे भाव कुणी ताडून बघत नाही. म्हणून साखर कधीही संपू देऊ नकोस. ईएसपी-३२ संपला त्या आठवड्यात माझ्याकडचे रेझिस्टरही विकले जात नाहीत.

रेझिस्टरचंही एक सांगतो. सुटे मोजून देणं मी बंद केलं. दहाची पुडी आणि शंभरची पुडी, बस. दुपारी काम नसतं तेव्हा पोरं पुड्या करून ठेवतात, ऑर्डर आली की उचलायची आणि टाकायची. १२ मिनिटांची ऑर्डर सात-आठवर येते. सुरुवातीला लोक कुरकुरले, "मला दोनच हवे होते". आता कुणी बोलत नाही.

माल कुठून घ्यायचा? पहिलं वर्ष आयात करूच नकोस. मुंबईत लॅमिंग्टन रोडला घाऊक दुकानदार आहेत, देशात मोठे आयातदार आहेत, त्यांच्याकडून दहा-वीस-पन्नास नग घे. महाग पडतं, पण काय विकलं जातं हे शिकण्याची ती फी आहे. चीनमधल्या शेन्झेनच्या ह्वाछ्यांगपेई बाजारातला भाव बघून डोळे फिरतात, त्याचा हिशोब असा असतो. समजा ६० हजारांचे सेन्सर आणि मॉड्यूल मागवले. हवाई कुरिअरचे १६ हजार. कस्टमवाले हवाई भाडं मालाच्या किमतीच्या २० टक्क्यांपर्यंतच धरतात, म्हणून करासाठी किंमत झाली ७२ हजार, विमा सोडून देऊ. आयसी, रेझिस्टर, कपॅसिटर, डायोड यांवर मूळ आयात शुल्क शून्य आहे, पण बऱ्याच मॉड्यूलना साडेसात टक्के लागतं आणि त्यावर त्याच्या १० टक्के अधिभार. एकूण सव्वाआठ टक्के, म्हणजे ५,९४०. मग त्या सगळ्यावर १८ टक्के आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी, १४ हजार. कुरिअर कंपनीची हाताळणी अडीच हजार धर. खिशातून गेले ९८ हजारांवर. त्यातला आयजीएसटी पुढे क्रेडिट म्हणून विक्रीच्या जीएसटीतून वजा होतो, पण बिल ऑफ एंट्रीवर, म्हणजे कस्टमच्या आयात कागदावर, तुझा जीएसटी क्रमांक नीट असेल तरच. खरा खर्च साडेचौऱ्याऐंशी हजार, म्हणजे चीनमधली किंमत गुणिले १.४. हा गुणाकार डोक्यात असल्याशिवाय भाव काढू नये.

तिकडचा विक्रेता सांगेल की इनव्हॉइस कमी किमतीचं करतो, "सँपल" लिहितो. सगळेच करतात असंही सांगेल. नको म्हण. माल अडकला की रोजचं भाडं चढतं, आणि कागद तुझ्या नावावर असतात.

काही वस्तूंच्या तर आयातीच्या वाटेलाच जाऊ नकोस. वायफाय-ब्लूटूथ असलेल्या मॉड्यूलना दूरसंचार खात्याच्या डब्ल्यूपीसी शाखेची मान्यता लागते. लिथियम सेलना बीआयएसची (भारतीय मानक ब्युरो) नोंदणी लागते, शिवाय विमानाने पाठवणं अवघड. बाजारात ९,९०० एमएएच क्षमता छापलेले १८६५० आकाराचे लिथियम सेल मिळतात. त्या आकाराच्या चांगल्यातल्या चांगल्या सेलमध्ये साडेतीन हजारांच्या आसपास मावतात. बहुतेक ते जुन्या लॅपटॉपमधले, वरून नवं वेष्टन चढवलेले. मी ते ठेवत नाही. भाव विचारणारे रोज येतात.

आता ज्याने मला सर्वांत जास्त रडवलं ते. पडून राहिलेला माल.

रेझिस्टरचंच घे. ई-१२ या ठरलेल्या मालिकेत दर दहापटीच्या टप्प्यात (१० ते १०० ओहम, १०० ते १,०००, असं पुढे) १२ आकडे असतात, १० ओहमपासून १ मेगापर्यंत ६१ डबे होतात. खपतात कोणते? २२०, ३३०, १ के, ४.७ के, १० के, १०० के. बाकीचे वर्षाला दोन पुड्या. पण ८.२ के नसला तर ज्या माणसाला बाकी दीड हजारांचा माल हवा आहे तो अख्खी ऑर्डर दुसरीकडे नेतो. म्हणून सगळे ६१ ठेवावेच लागतात. रेझिस्टरच्या बाबतीत हे परवडतं, हजार-हजार नग घेतले तरी सगळं मिळून पंधरा-सोळा हजारांत होतं आणि रेझिस्टर शिळा होत नाही. हाच नियम मॉड्यूलला लावलास तर मेलास.

मॉड्यूल शिळी होतात. माझ्याकडे अजून एक खोका आहे, सिम घालून एसएमएस पाठवणाऱ्या २जी जीएसएम मॉड्यूलचा. एके काळी प्रत्येक तिसऱ्या प्रोजेक्टमध्ये "एसएमएस अलर्ट" असायचा. मग जिओ आलं, त्याचं सिम या मॉड्यूलमध्ये चालतच नाही कारण त्यांच्याकडे २जी नाही, आणि मुलं वायफायवर गेली. खोका तिथेच राहिला. तसेच ८०५१ या जुन्या मायक्रोकंट्रोलर चिपचे डेव्हलपमेंट बोर्ड. आपल्या धंद्याचा मालक खरं तर अभ्यासक्रम समिती आहे. पुस्तकात ८०५१ होता तोवर तो खपला, अर्डुइनो आला, आता सगळीकडे आयओटी, म्हणजे इंटरनेटला जोडलेल्या वस्तू. दर जूनमध्ये मी ओळखीच्या लॅब असिस्टंटना चहा पाजतो आणि या सेमिस्टरला कोणते प्रयोग आहेत ते विचारतो. दोनशे रुपयांच्या चहात माझे वीस-तीस हजार वाचतात.

आणि हाव. कोविडनंतर सगळ्या जगाने एकदम चिप मागितल्या, त्यात मार्च २०२१ मध्ये जपानमध्ये रेनेसासच्या नाका इथल्या कारखान्याला आग लागली, टंचाई अजून वाढली. 'ब्लू पिल' नावाच्या बोर्डावरची एसटीएम-३२ चिप कित्येक पटींनी महाग झाली. मला वाटलं, अजून चढणार. एका शेन्झेनच्या दलालाकडून चढ्या भावात २०० बोर्ड उचलले. आले तर अर्ध्याहून अधिक क्लोन. वरचा छाप मूळ कंपनीचाच, पण प्रोग्रामर (चिपमध्ये प्रोग्राम भरायचं यंत्र) जोडला की चिपचा ओळख क्रमांक १ ने सुरू व्हायला हवा तो २ ने सुरू व्हायचा, आणि प्रोग्रामरचं सॉफ्टवेअर सरळ नकार द्यायचं. सेटिंग बदलून ते चालतात, पण ते प्रत्येक मुलाला फोनवर कोण समजावणार? 'क्लोन' असं स्पष्ट लिहून निम्म्या भावात काढले. टंचाई ओसरल्यावर चांगले बोर्ड त्याहून स्वस्त मिळायला लागले. तेव्हापासून चढत्या भावात महिन्याभराच्या खपापेक्षा जास्त घेत नाही, आणि शंभराच्या लॉटमधले पाच नग चालवून बघितल्याशिवाय पैसे पूर्ण देत नाही.

पावसाळाही लक्षात ठेव. ठाण्याच्या दमट हवेत पार्टचे पाय काळे पडतात, मग सोल्डर धरत नाही आणि गिऱ्हाईक म्हणतं माल जुना दिलात. झिपलॉक, सिलिका जेल, आणि गाळा तळमजल्याचा असेल तर जून ते सप्टेंबर खालचा कप्पा मोकळा.

मग लॅमिंग्टन रोड इतकं जवळ असताना कोण आपल्याकडे येतं? ज्याचं उद्या सबमिशन आहे तो. ठाण्याहून दादरला बदलून ग्रँट रोड, तिथे चार दुकानं फिरायची आणि परत, अर्धा दिवस जातो. नवी मुंबईच्या मुलाला त्याहून जास्त. आणि रविवारी तिथली बहुतेक दुकानं बंद असतात. म्हणून मी रविवारी उघडा आणि सोमवारी बंद. रविवार माझा सर्वांत मोठा दिवस. घोडबंदर रोडपासून नेरुळपर्यंतची मुलं येतात, आणि एल-२९८ मोटर ड्रायव्हर वेबसाइटपेक्षा वीस रुपये महाग दिला तरी एक शब्द बोलत नाहीत. दुकानात आलेल्या ऑर्डरला खोका नाही, कुरिअर नाही, यूपीआयवर गेटवेचा खर्चही नाही. वर सांगितलेल्या हिशोबातले ५६ रुपये तिथल्या तिथे वाचतात. देशभर विकायची स्वप्नं ठीक आहेत, पण तुझे पहिले पैसे बेलापूर ते मानपाडा या नवी मुंबई-ठाण्याच्या पट्ट्यातूनच येतील.

या धंद्याला हंगाम आहे आणि तो तिरका आहे. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टची झुंबड जानेवारी ते एप्रिल. नेमकं त्याच वेळी, २१ जानेवारी ते २० फेब्रुवारीच्या दरम्यान कधी तरी, चिनी नववर्ष येतं आणि तिकडचे कारखाने दोन ते चार आठवडे बंद. म्हणजे फेब्रुवारीत विकायचा माल दिवाळीनंतर लगेच मागवून डिसेंबरात घरात हवा. पैसे नोव्हेंबरात जातात, परत येतात मार्चमध्ये. ही चार महिन्यांची दरी ज्याला भरता आली नाही तो ऐन हंगामात 'आउट ऑफ स्टॉक'चा बोर्ड लावून बसतो. मी दोन वर्षं बसलोय. मे-जून मात्र इतका कोरडा जातो की पोरं गाळ्यात पत्ते खेळतात.

मग गणपती. आमच्या गाळ्यात गणपती म्हणजे डब्ल्यूएस-२८१२ ची, रंग बदलणाऱ्या एलईडी दिव्यांची पट्टी. जुलैपासून मंडळांचे कार्यकर्ते आणि घरगुती देखावा करणारे यायला लागतात, शेवटच्या दोन रात्री तर शटर अर्धं खाली ओढून विक्री चालते. ठरलेला संवाद. "पाच मीटर द्या. मोबाइलच्या चार्जरवर चालेल ना?" मी कागद काढतो. मीटरला ६० दिवे, पाच मीटरला ३००, पूर्ण पांढरा लावला तर दिव्यामागे ६० मिलीअँपिअर. १८ अँपिअर. तुझा चार्जर २ चा. मग तो ५ व्होल्ट २० अँपिअरचा एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, घेतो, दोन्ही टोकांना वीज द्यायला जाड वायर घेतो, एक हजार मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, कनेक्टर, आणि मी प्रोग्राम भरून ठेवलेला कंट्रोलर. हजाराची पट्टी घ्यायला आलेला माणूस दोन हजारांवर बिल करून जातो, आणि त्याचा देखावा अकरा दिवस चालतो म्हणून पुढच्या वर्षी परत येतो. सल्ल्याचे पैसे आपल्याकडे कुणी देत नाही, एसएमपीएसचे देतात.

तो कंट्रोलर ही माझी आवडती वस्तू. साधा छोटा बोर्ड आहे, माझ्याच डिझाइनचा, पीसीबी बाहेरून करून घेतो, घरी बायको आणि मी सोल्डर करतो. त्यासारखा दुसरा कुठे नाही, म्हणून भाव ताडून बघता येत नाही. विक्रीत त्याचा वाटा छोटा आहे, शिलकीत मोठा. तू आयटीतला आहेस, प्रोग्राम लिहितोस. अशी एक-दोन तुझी स्वतःची वस्तू पहिल्या वर्षातच काढ.

फोनवरचा सल्ला हा वहीत न दिसणारा खर्च आहे. रात्री साडेअकराला व्हॉट्सअॅप येतं, "सर कोड अपलोड होत नाही". दहातल्या निम्म्या वेळा सीएच-३४० चा ड्रायव्हर (संगणकाला बोर्ड ओळखायला लावणारं सॉफ्टवेअर) टाकलेला नसतो, उरलेल्यात केबल फक्त चार्जिंगची असते, तिच्यात डेटाच्या तारा नसतात. मी एक चिठ्ठी छापली, दोन ओळींची, बोर्डाच्या प्रत्येक पाकिटात टाकतो. फोन खरोखर कमी झाले. बाकी, उलटं कनेक्शन देऊन जाळलेलं मॉड्यूल "आधीपासूनच खराब होतं" म्हणून परत येतं. वास सांगतो. तरी शंभर रुपयांच्या आतलं एकदा न भांडता बदलून देतो, कारण भांडायला वीस मिनिटं जातात. दुसऱ्यांदा नाही.

मोठ्या मार्केटप्लेसबद्दल थोडक्यात. कमिशन आणि पाठवणी धरून एवढे पैसे कापले जातात की स्वस्त नग तिथे परवडत नाही, आणि नवा बोर्ड नेऊन जळका परत पाठवणारे भेटतात. कॅश ऑन डिलिव्हरी तर मी बंदच केली. न घेतलेल्या पाकिटाचं जातानाचं आणि येतानाचं, दोन्ही भाडं आपल्या माथी.

जीएसटी पहिल्या दिवसापासून काढ. राज्याबाहेर माल विकायचा तर ४० लाखांच्या उलाढालीपर्यंतची नोंदणीची सूट लागू होत नाही, आणि कंपोझिशन योजनेत (छोट्यांसाठी कमी दराने ठोक कर भरायची) राज्याबाहेर विकताच येत नाही. आयात करशील तेव्हा विदेश व्यापार महासंचालनालयाचा (डीजीएफटी) आयईसी, म्हणजे आयात-निर्यात क्रमांक, ५०० रुपये. व्यवसाय कराचे वर्षाला अडीच हजार. आयात केलेल्या पाकिटावर आयातदाराचं नाव, एमआरपी, मूळ देश छापायचा. यात अवघड काही नाही, फक्त तारखा चुकवू नकोस.

उधारीवर मात्र बोलायला हवं. रबाळे, महापे, वागळे इथले छोटे कारखाने रिले, एसएमपीएस, सेन्सर घेतात, बिलं मोठी असतात, घासाघीस कमी. पण "तीस दिवसांनी देतो". विक्रीचा जीएसटी तू पुढच्या महिन्याच्या वीस तारखेला भरतोस, त्याने पैसे दिले असोत वा नसोत. शाळांचंही तसंच. निती आयोगाच्या अटल टिंकरिंग लॅब २०१६ पासून निघाल्या, शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान, त्यांना किट लागतात. एका शाळेने माझे ८० हजार सात महिने थकवले. माणसं वाईट नव्हती, सही करणारे बदलत होते. आणि लघुउद्योगांची उद्यम नोंदणी केली की ४५ दिवसांत पैसे द्यायचा कायदा आपल्या बाजूने उभा राहील असं समजू नकोस. उत्पादक आणि सेवा देणाऱ्यांसाठी तो आहे, व्यापाऱ्याला ती नोंदणी बँकेच्या प्राधान्य कर्जापुरती. पहिल्या वर्षी उधारी एकूण भांडवलाच्या दहाव्या हिश्श्यावर जाऊ देऊ नकोस. कितीही जवळचा असला तरी.

आता तुझे ४ लाख. सगळे मालात घातलेस आणि माल वर्षातून तीनदा फिरला, जे नव्या माणसासाठी चांगलंच म्हणायचं, तर वर्षाला १२ लाखांचा माल विकलास. वरच्या ५५ टक्क्यांच्या हिशोबाने विक्री २१ लाख ८० हजार, ४२० च्या ऑर्डरने महिन्याला ५१० ऑर्डर. गुणिले ७७, म्हणजे ३९ हजार. त्यातून गाळ्याचे आणि बाकीचे २५ हजार वजा. राहिले १४ हजार. तेही पडून राहिलेल्या मालाचा पैसा न धरता, आणि तुझ्या स्वतःच्या कामाचं मोल शून्य धरून. तीच गोष्ट घरातून केलीस तर भाड्याचे १८ हजार वाचतात, १४ चे ३२ होतात. त्यात ऑर्डर ६००-७०० वर आणलीस आणि रविवारी हातोहात विकलंस तर ४०-४५ पर्यंत पोचशील, पण दुसऱ्या वर्षी. म्हणून नोकरी सोडू नकोस. सलग दोन हंगाम, म्हणजे लागोपाठ दोन वर्षांचे फेब्रुवारी, दुकानातून तुझ्या पगाराच्या निम्मे निघाले तर माझ्याकडे ये, मग बोलू.

४ लाखांतले दीड लाख मालात घाल, त्यात शंभर-सव्वाशे वस्तू बसतात. ५० हजार खोके, डबे, लेबल प्रिंटर, मल्टिमीटर, वेबसाइट. उरलेले २ लाख बँकेत ठेव, नोव्हेंबरच्या खरेदीसाठी. पहिल्या तीन महिन्यांत गिऱ्हाइकांनी विचारलेली आणि तुझ्याकडे नसलेली प्रत्येक वस्तू वहीत लिही. तिसऱ्यांदा नाव आलं की मागव, आधी नाही.

राहिला बायकोचा प्रश्न. ती बरोबर आहे. डबे एका कप्प्यातून सुरू होतात आणि दिवाळीपर्यंत पलंगाखाली जातात. पण पहिल्या वर्षी गाळा घेऊ नकोस, वरचा आकडा बघितलास ना. एक भिंत माग, सहा फूट रुंद, छतापर्यंत रॅक, प्रत्येक खणाला नंबर आणि तोच नंबर वेबसाइटच्या यादीत. भिंतीबाहेर एकही डबा जाणार नाही असं कबूल कर. सोसायटीला आधीच सांग, नाही तर रोज कुरिअरवाला आला की तळमजल्यावरचे आजोबा चौकशी करतील. आणि रविवारी सकाळी अकराच्या आत गाळ्यावर ये, गर्दी नसते. रॅक कसे लावलेत ते दाखवतो. त्या जीएसएम मॉड्यूलमधली दहा-वीस हवी असतील तर फुकट ने.